मोहावरची तार

काळ्या तारेचा बोटभर तुकडा. एक टोक कापलेलं, दुसरं वितळून ज्वारीच्या दाण्याएवढं गोल झालेलं... दोन वर्षांपूर्वी इंटरनेटवाल्या लच्छूने तो पुरावा म्हणून तिच्या हातावर ठेवला होता – ‘पाहा मॅडम, माही चूक नाई, जाळानं गेली’ – आणि सरिताने तो का कोण जाणे फेकला नाही, खिडकीच्या फळीवर ठेवून दिला. आज त्याच्याखाली नव्या कंपनीचं पत्रक दाबून ठेवलेलं होतं, आणि चहाचा कप हातात धरून ती आळीपाळीने दोन्हींकडे बघत होती, एकदा तुकड्याकडे, एकदा पत्रकाकडे. रविवारची सकाळ, मार्च संपत आलेला, आणि खिडकीतून मोहफुलांचा तो गोडसर, डोकं जड करणारा वास घरात शिरत होता.

पत्रकाचं म्हणणं सरळ होतं. तार नाही, खांब नाही, छपरावर एक पांढरी डबी बसवायची आणि टॉवरवरून थेट इंटरनेट घ्यायचं, महिन्याला पाचशे. लच्छूच्या जुन्या लाईनचे आठशे जात होते आणि त्याचा महिना आज संपत होता. नव्या कंपनीचा माणूस उद्या गावात येणार होता, त्याला रात्रीपर्यंत फोनवर हो किंवा नाही सांगायचं होतं. “तीनशे म्हणजे तीनशे,” प्रफुल परवाच्या कॉलवर म्हणाला होता. प्रफुल म्हणजे तिचा नवरा, इथून दूर तिकडे कोरपन्याच्या बाजूला सिमेंटच्या कारखान्यात सुपरवायझर. घर तिकडे, संसार तिकडे, आणि बायको अकरा वर्षं इकडे एटापल्लीत जिल्हा परिषदेच्या शाळेवर, कमलाबाईंच्या घरातल्या दोन खोल्यांत भाड्याने. मुलगी खुशबू नागपुरात फार्मसीला. तीन माणसं तीन गावांत, आणि रोज संध्याकाळी सात वाजता नवरा-बायकोचा व्हिडिओ कॉल, न चुकता.

तिसरीच्या पोरानेही तोंडी केली असती अशी ही वजाबाकी. मग आठ दिवस हे पत्रक तुकड्याखाली का पडून आहे? सरिताला स्वतःचीच गंमत वाटली. ती काही पैशाला बेफिकीर बाई नव्हती. भाजीवालीकडून कोथिंबीर वर मागून घेणारी होती. तिने पत्रक उचललं, ‘अखंड, न तुटणारी जोडणी’ हे शब्द पुन्हा वाचले, आणि पुन्हा ते बोचले. न तुटणारी... म्हणजे कधीच नाही? पावसातही नाही, मार्चमध्येही नाही?

मार्चचं असं होतं की लच्छूने लाईन आणली तेव्हा खांब थोडे आणि झाडं फार, म्हणून गावाच्या या टोकाला त्याने तार सरळ मोहाच्या झाडांवरून ओढली होती. हुशार माणूस, पण त्या झाडांचं वर्षाचं वेळापत्रक विसरला. किंवा विसरला नसेल, पुढचं पुढे बघू म्हणाला असेल. मार्च लागला की फुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक मोहाखालचा पाचोळा पेटवतात. जाळ जमिनीलगतचाच, पण धग वर जाते, आणि लच्छूची खाली झोळ पडलेली तार मेणासारखी गळायची. मग तो शिडी घेऊन यायचा, जोडायचा, चार दिवसांनी दुसऱ्या झाडाखाली धूर. त्या दिवसांत एटापल्लीच्या या टोकाला कोणाचं काही पोचलं नाही तरी कोणी कोणाला दोष देत नसे. मोह पेटलं, बस्स.

आणि तसं पाहिलं तर हे काही आजचं नव्हे. कमलाबाई सांगायच्या, पूर्वी सबब एकच असायची, नाल्याला पूर होता. लग्नाला आला नाहीत? नाल्याला पूर. सभेला, दवाखान्यात, सासरी? पूर. त्यात निम्मे पूर खरे असायचे, निम्मे ज्याचे त्याने आणलेले. पुढे पूल झाले, मोबाईल आले, लोखंडाच्या खाणीचे ट्रक आले, आणि पुराच्या जागी ‘रेंज नव्हती’ येऊन बसलं. मागच्याच महिन्यात कमलाबाईंनी दिराच्या मुलीचं लग्न ठरल्यावरचं साक्षगंध चुकवलं आणि दीर दारात उभा असताना शांतपणे म्हणाल्या, “निरोपच नाई भेटला ना बापा, रेंज कुठी होती.” भिंतीवरच्या फोनच्या चार्जरकडे दीर एकदा बघून म्हणाला, “हो ना, तिकडंबी नव्हती.” दोघांनी चहा घेतला. ही इथली रीत. ‘रेंज नव्हती’ हे वाक्य तपासायचं नसतं, तपासणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर त्याला खोटारडा म्हणणं. सरिता बाहेरून आलेली बाई, पण ही रीत तिने किती चटकन उचलली होती...

पहिल्यांदा कधी? चार वर्षं झाली असतील. प्रफुल कॉलवर विचारत होता, बदलीचा फॉर्म भरला का, यंदा शेवटची तारीख कधी, आणि बोलता बोलता सांगत होता की मागच्या खोलीत तिच्यासाठी कपाट करून घ्यायचं आहे, प्लायचं की लोखंडी. बोलणं साधंच होतं. ती ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिचा हात टेबलामागे गेला आणि इंटरनेटच्या डब्याची पिन तिने ओढली. ठरवून नाही... की ठरवून? हात आपला, पिन आपली. प्रफुलचा चेहरा गेला, खोलीत एकदम शांतता पसरली, आणि तिला कडकडून भूक लागली. त्या रात्री तिने दोन भाकरी जास्त खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “मोह पेटलं होतं हो,” आणि तो म्हणाला, “वाटलंच मले.” इतकं सोपं होतं ते.

त्याच्यावर राग होता का? नव्हता. तो मारणारा, पिणारा, टोचून बोलणारा नव्हे. दिवाळीच्या सुट्टीत ती गेली की भाजी तोच आणायचा, सोळा ऑक्टोबरला दोघं पांढऱ्या कपड्यांत चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जायचे तेव्हा गर्दीत तिचा दंड धरून चालायचा. पण सुट्टीचा आठवा-नववा दिवस उजाडला की तिची नजर आपोआप कॅलेंडरकडे जायची. इकडे तिचा चहा तिच्या वेळेला होता, तिची शाळा होती, मोहाच्या दिवसांत अर्धी रिकामी होणारी आणि मग टोपल्या घेऊन फुलं वेचणाऱ्या पोरांना शोधत फिरायला लावणारी. संध्याकाळी पाय लांब करून बसायची पायरी होती. तिकडे काय होतं? तिकडे एक चांगला माणूस होता, ज्याच्याशी रोज अर्धा तास बोलता येत होतं. उरलेले साडेतेवीस तास कसे असतील हे तिला खरोखरच माहीत नव्हतं, आणि ते शोधायची तिला भीती वाटत होती. म्हणून तीन वर्षं बदलीचा फॉर्म भरताना ‘साईटच उघडली नाही’. साईट उघडत होती. पहिल्या वर्षी तर चटकन उघडली होती.

म्हणजे मी तीनशे रुपये जास्तीचे देते ते ह्या न उघडणाऱ्या साईटचे, तिने चहा संपवत मनाशी म्हटलं, आणि तिला हसू आलं, आणि लाजही वाटली.

दहाच्या सुमाराला दारात मोटारसायकल थांबली. लच्छूच. पत्रक तिच्या दारात पडलेलं गावात कोणीतरी पाहिलं असणार आणि ते त्याच्या कानावर पोचायला आठ दिवस लागले हेच नवल. वाळका, चाळिशीचा माणूस, मोटारसायकलला आडवी बांधलेली शिडी. आत आला, बसला नाही.

“मॅडम, एक विचारू? तरास काय होता तुमाले माह्या लाईनचा?”

“त्रास नाही रे. ते स्वस्त देऊन राह्यले ना.”

“स्वस्त देते तं घ्या. म्या नाई कोठून म्हणू. पण लाईन तुटते म्हणून जाऊन राह्यल्या असान तं ते खोटं आहे.”

“मार्चमध्ये तुटतेच की तुझी. मोह पेटलं की...”

लच्छू तिच्याकडे बघतच राहिला. “कोणतं मोह? दिवाळीनंतर पुरी तार मोहावरून काढली ना मॅडम. आता पोलावरून येते. जाळ लावा का काही करा, आपल्याले फरक नाई. तुमाले सांगतलं नोयतं का?”

सांगितलं असेल. आपण ऐकलं नसेल. तिने पाणी पुढे केलं, पण त्याने ते बाजूला ठेवून खिशातला फोन काढला. कंपनीने दिलेलं काहीतरी होतं त्यात, प्रत्येक घराच्या लाईनची महिन्याची पट्टी. तिच्या नावापुढे हिरवीगार पट्टी पसरली होती, एक तारखेपासून आजपर्यंत.

“हिरवं म्हणजे चालू. लाल म्हणजे तुटली. दिसून राह्यलं का लाल कुठी?”

लाल कुठेच नव्हतं. मध्ये मध्ये पिवळे ठिपके मात्र होते.

“हे पिवळं काय?” तिने विचारलं, आणि विचारल्या क्षणीच तिला कळलं.

“ते तार नाई. ते इथून डब्याची पावर गेली. चार वेळा. पाचदहा मिनिटं जाते अन् येते.” तो वाकून टेबलामागे बघायला लागला. “पिन ढिली झाली असन. सोडत असन जागा. थांबा, बदलून देतो.” आणि तिने नको नको म्हणेपर्यंत त्याने पिशवीतून नवी पिन काढून, स्क्रू पिळून, घट्ट बसवूनही टाकली. पैसे घेतले नाहीत. “आता ओढली तरी नाई निघत,” तो समाधानाने म्हणाला. “जा-राहाचं तुमच्या मनावर. संध्याकाळपर्यंत फोन करजा.”

तो गेला आणि सरिता तिथेच उभी राहिली. लाज तर होतीच – पण लाजेच्या मागून दुसरंच काहीतरी वर येत होतं, एक आकडा. चार. चार ठिपके तिचे, ते तिला तारखेसकट आठवत होते. पण या महिन्यात कॉल चारच वेळा तुटला होता का? छे. कितीतरी वेळा... प्रफुल परवाच हसून म्हणाला होता, तुझ्याकडचं मोह यंदा जास्तच पेटून राह्यलं.

तिने फोन उघडला. रोज संध्याकाळी सातचा कॉल, पुढे मिनिटं लिहिलेली – एकतीस, अठ्ठावीस, चौतीस, आणि मध्येच सहा. नऊ. चार. असे तुटके कॉल दहा होते. तिचे चार वजा जाता सहा उरले.

ती खुर्चीवर बसली. मोह नाही. तार नाही. पिन नाही. मग काय राहिलं? एखाद्या गणितात उत्तर पुस्तकातल्यापेक्षा वेगळं आलं की ती जशी पुन्हा पहिल्या ओळीपासून जाई, तशी ती गेली. त्याच्याकडचं नेट जात असेल. असेलच. तिने खुशबूला फोन लावला, जेवलीस का, परीक्षा कधी, आणि मग सहज, अगदी सहज – “पप्पांकडचं नेट जाते का गं मधात मधात?”

“नाई गं आई. पप्पा तं तासनतास मॅच पाहतात त्याच्यावर. माझ्याशी बोलताना कधीच नाई कटलं. काऊन?”

“काही नाही. इकडं मोह पेटलं होतं, म्हणून विचारलं.”

फोन ठेवला तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि वरण चुलीवर आटून गेलं होतं. ती करपलेल्या वासात बसून राहिली. तर असं आहे. तोही. कोरपन्यात, कॉलवर रोज मागे दिसणाऱ्या त्या निळ्या भिंतीसमोर बसून, बोलता बोलता त्याचा अंगठा हळूच कॉल कापायच्या लाल खुणेवर जात असेल आणि दुसऱ्या दिवशी म्हणत असेल, मोह पेटलं वाटते. तिला राग आला. भलताच, लहान मुलासारखा, डोळ्यांत पाणी आणणारा राग. मी काढली पिन तर काढली, पण ह्यांनी? माझ्याशी बोलायचा कंटाळा? मला बघायचा? – आणि लगेच तिच्या आतलीच मास्तरीण तिला म्हणाली, चोराच्या उलट्या बोंबा. पण बोंब थांबेना. स्वतः ज्या दाराला आपण आतून कडी घालतो ते बाहेरूनही बंद असेल तर दुखावं का? पण दुखत होतं.

दुसरं कोणी असेल? हा विचार आला तसा तिने तो नीट, उलटून पालटून पाहिला. प्रफुल आणि दुसरी बाई... पँटच्या खिशात घडी करून प्लास्टिकची पिशवी ठेवणारा, मॅच बघताना पायाची बोटं मोजल्यासारखी हलवणारा प्रफुल. नाही. असती तर सोपं झालं असतं, रडून-भांडून मोकळं होता आलं असतं. इथे कोणीच नव्हतं. इथे फक्त ती होती आणि तो होता.

मग तिने ते सहा दिवस आठवायला घेतले. राग बाजूला राहिला आणि जाणून घ्यायची ती जुनी खोड वर आली, जिच्यापायी ती वर्गातल्या गप्प पोराच्या मागे महिनामहिना लागायची. चार तारखेला ती काय म्हणाली होती? यंदा भरतेच फॉर्म. सहा मिनिटं. बाराला? गादी जुनी झाली असेल ना तिकडची, मी आले की नवी घेऊ. चार मिनिटं. सतराला – सतराला काहीच नव्हतं, आपण नुसतं म्हणालो होतो, तुम्ही वाळलात. आणि कॉल गेला.

गादी कळली, फॉर्म कळला. पण ‘तुम्ही वाळलात’ यात पळून जाण्यासारखं काय होतं? कॉल तुटल्यावर हे काय करत असतील? माझ्यासारखे दोन भाकरी जास्त खात असतील, की तसेच बसून राहत असतील? इतकी वर्षं आपण ह्या माणसाला रोज बघतो आणि फोन काळा झाल्यावरचा माणूस आपण एकदाही पाहिलेला नाही. आणि मग नवी लाईन घे म्हणून मागे लागलेलेही हेच. न तुटणारी घे म्हणतात... ज्या फटीतून स्वतः निसटतात ती बुजवायला का सांगतात? पैसे वाचवायला? की निसटून निसटून कंटाळले? तिला काहीच ठरवता येईना, आणि गंमत म्हणजे पत्रकाचं आता काहीच वाटत नव्हतं. जुनी ठेवली तरी मोहावर तार नव्हती; नवी घेतली तरी नव्हतीच. पाचशे की आठशे, एवढाच काय तो प्रश्न उरला होता आणि तो खरंच तिसरीच्या पोराचा होता.

पाचला तिने नव्या कंपनीला होकाराचा मेसेज लिहिला आणि पाठवला नाही. सहाला अंग धुतलं, साडी बदलली, आणि रोज कॉलसाठी साडी बदलत नाही हे लक्षात आल्यावर पुन्हा घरचा गाऊन घातला. सात वाजता फोन वाजला.

“मंग? काय ठरवलं?” प्रफुलने विचारलं. निळी भिंत, चष्मा कपाळावर. वाळला होता खरा.

“लच्छू आला होता.”

“स्वस्त करतो म्हणते का?”

“नाही. म्हणते, तार ह्या महिन्यात एकदाबी तुटली नाई. मोहावरून काढली म्हणते दिवाळीनंतरच.”

ती त्याच्याकडे बघत होती. तो हसणार होता, मग हसला नाही. चष्मा खाली घेतला, पुन्हा वर ठेवला. “असं?” तो म्हणाला. “मंग... टॉवरचा प्रॉब्लेम असन.”

“असन.” इथवर रीत पाळली गेली होती. इथून खुशबूच्या परीक्षेकडे वळता आलं असतं, दोघंही वळायला तयार होते. पण तिला राहवेना. “एक विचारायचं होतं. फॉर्म उद्यापासून सुरू होऊन राह्यले. भरू का मी? म्हणजे... तुमाले पाहिजे का मी तिकडं? खरं सांगा.”

प्रफुलचं तोंड काही बोलण्यासाठी उघडलं आणि तसंच राहिलं. नजर तिच्या खांद्याच्या थोडी बाजूला, एक हात हनुवटीशी. चित्र थांबलं. ती वाट बघत राहिली, एक, दोन, पाच सेकंद. हॅलो, म्हणाली. गेलंच की काय... आज तरी मी काही केलं नाही. आणि मग तिला दिसलं की त्याच्यामागे दोरीवर वाळत घातलेल्या टॉवेलचा कोपरा हलतोय. हळूहळू, वाऱ्याने. पुढे जात होता, मागे येत होता.

चित्र थांबलेलं नव्हतं. चौपन्न वर्षांचा प्रफुल, तीसचाळीस मजुरांवर देखरेख करणारा, श्वास रोखून, तोंड उघडं ठेवून बसला होता.

तिला हसू फुटणार होतं आणि हुंदकाही. कॉल कापायचंही सुचलं नाही ह्यांना, की आज कापवला नाही? टॉवेल हलतोय, हे सांगून टाकावं. नको. इथली रीत... आणि रीत बाजूला ठेवली तरी, ह्या चेहऱ्याकडे असं निवांत बघायला कधी मिळालं होतं? कानाजवळचे केस पांढरे झालेत. भुवईत सिमेंटची पूड आहे. खालचा ओठ किंचित थरथरतोय, त्याला ते कळत नाहीये. वीस सेकंद. डोळ्यात पाणी येईल आता त्याच्या, न मिटल्यामुळे.

“आवाज येते का?” तिने विचारलं.

प्रफुल चित्रासारखाच.

“नसन येत तं बरंच,” ती म्हणाली, आणि आपला आवाज इतका हळू कधी झाला हे तिला कळलं नाही. “तीन वर्षं म्या फॉर्म भरलाच नाई. साईट उघडत होती. अन् यंदा भरावा का नाई, ते मलेच समजून नाई राह्यलं. तुमच्याकडं यावंसं वाटते, अन् भेव वाटते. दोन्ही वाटते.”

टॉवेलचा कोपरा पुढे आला, मागे गेला. प्रफुलचा कंठमणी वर सरकला, खाली आला. त्याने आवंढा गिळला होता. बाकी चेहरा तसाच, तोंड तसंच उघडं, पण डोळे आता तिच्या खांद्याच्या बाजूला नव्हते, सरळ तिच्यावर होते, आणि ते भरत चालले होते. आता हे तोंड मिटेल, किंवा अंगठा लाल खुणेवर जाईल. दोन्हीपैकी काय होईल ते तिला सांगता येत नव्हतं, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच ह्या माणसाबद्दल आपल्याला काहीतरी सांगता येत नाहीये याचं तिला केवढं तरी कुतूहल वाटलं. लाईन आत्ता जाऊ नये, कशानेही जाऊ नये, असं वाटत असताना ती पापणी न हलवता, त्याच्यासारखीच, बसून राहिली.